बघणारे दोन

१

श्रीदेवीचा दिवस स्वतःच्या रक्तानं सुरू व्हायचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण लॅबमधल्या माणसाला त्यात काही नवल नाही. पेशींना द्यायच्या रंगाची नवी बाटली उघडली की रंग कालच्यासारखाच चढतोय का ते बघायला कुणाचं तरी थेंबभर रक्त लागतं, आणि सकाळी साडेआठला कुठला पेशंट बोट पुढं करून दारात उभा असतो? मग आपलंच बोट आणि आपलीच सुई. अकरा वर्षं हे चाललं होतं. तिच्या डाव्या हाताच्या अनामिकेला घट्टा पडला होता आणि तिची आई अनसाबाई त्याला ‘पगाराचा घट्टा’ म्हणायची.

लॅब बिदरमधल्या मैलूरला, पिठाच्या गिरणीशेजारी. मालक बसवप्रभु अण्णा, पुढच्या खोलीत रक्त घ्यायचे, हिशोब बघायचे आणि आलेल्या-गेलेल्याशी कन्नड, मराठी, दखनी, ज्याला जी पाहिजे त्या भाषेत बोलायचे. मागची खोली श्रीदेवीची. तिथं मायक्रोस्कोप, रंगाच्या बाटल्या, एक कॉम्प्युटर, आणि खिडकीला कायमचा जाड पडदा, कारण उजेड आला की कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र नीट दिसत नाही.

पूर्वी अवघड स्लाइडी कापसात गुंडाळून लाकडी पेटीत घालायच्या आणि गुलबर्ग्याच्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायच्या. चार दिवसांनी रिपोर्ट यायचा, तोवर पेशंट नवस बोलून मोकळा. दोन वर्षांपूर्वी, दोन हजार सातला, गुलबर्ग्याहून लिंगराज नावाचा माणूस आला. त्यानं मायक्रोस्कोपच्या मानेवर कॅमेरा बसवला, ब्रॉडबँडची तार ओढली, आणि तेव्हापासून हैद्राबादेत बसलेल्या डॉक्टर नागरत्ना मॅडम रोज अकरा ते साडेबारा बिदरच्या स्लाइडी तिथूनच बघू लागल्या. श्रीदेवीनं कानाला हेडफोन लावायचा. मॅडम म्हणायच्या, “डावीकडे घे. अजून. थांब.” आणि ती बोटांनी स्लाइड सरकवायची. संशयाची पेशी दिसली की मॅडम माउसनं तिच्याभोवती लाल गोल काढायच्या. तो गोल नेहमी अर्धवट राहायचा, घाईत असायच्या बिचाऱ्या.

चित्राच्या खाली पेशंटच्या नावाची चौकट होती. आणि वर उजव्या कोपऱ्यात एक बारीक आकडा: आत्ता किती जण बघतायत. मॅडम आल्या की एक, मॅडम गेल्या की शून्य.

मॅडमना तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या घरात कुकरला तीन शिट्ट्या होतात, तिसऱ्या शिट्टीला त्या “थांब हं” म्हणून गॅस बंद करायला जातात, हे तिला पाठ होतं.

२

एप्रिलातल्या एका मंगळवारी सिद्धराम नावाच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरची रक्ताची स्लाइड लावली होती. आठ दिवसांचा ताप. तिशीतला गडी, पुढच्या खोलीत अण्णांशी गप्पा हाणत बसला होता. मॅडमनी दहा-बारा जागा बघितल्या आणि म्हणाल्या, “काही नाही गं. साधा ताप आहे. नॉर्मल लिही.”

श्रीदेवी लिहायला वळली आणि तिची नजर कोपऱ्यात गेली. आकडा दोन होता.

तिला वाटलं, मॅडमकडे कुणी शिकाऊ डॉक्टर आला असेल. तेवढ्यात चित्रावर एक रेघ उमटायला लागली. काळी. एका पांढऱ्या पेशीभोवती, अगदी साध्यासुध्या पेशीभोवती ती हळूहळू फिरत होती. मॅडमचा गोल एका झटक्यात निघायचा. ह्याला मिनिटभर लागलं, आणि तो कुठं तुटला नाही. मग चौकटीतलं सिद्धरामचं नाव निळं झालं, डावीकडून उजवीकडं, एकेक अक्षर. वाचता न येणारा माणूस ओळीखाली बोट ठेवून अक्षरं लावतो ना, तसं.

“मॅडम, तो काळा गोल कशाला काढलात?” तिनं विचारलं.

“कुठला गोल?”

“ह्या पांढऱ्या पेशीला.”

“मी काहीच काढलं नाही. आणि काळा रंग आहेच कुठं ह्यात? लाल, हिरवा आणि पिवळा, तीनच तर आहेत.”

“तुमच्याशेजारी कुणी बसलंय का?”

“मी एकटी आहे, श्रीदेवी. माझ्याकडे चित्र स्वच्छ दिसतंय.” तिसरी शिट्टी झाली. “थांब हं.”

मॅडम परत येईपर्यंत गोल गेला होता आणि आकडा एक झाला होता.

संध्याकाळी तिनं लिंगराजला फोन लावला. तो हसला. “अक्का, जुनं कनेक्शन कधी कधी लटकून राहतंय. मोडेम बंद करून परत चालू करा. आकड्याचं काय मनावर घ्यायलाव?” तिनं मोडेम बंद केला, चालू केला, आणि विषय डोक्यातून काढून टाकला. निदान काढल्यासारखं तरी केलं.

३

लॅबच्या भिंतीला लाकडी खण होते. तयार रिपोर्ट लिफाफ्यात घालून त्यात ठेवायचे, पेशंट येऊन घेऊन जायचा. आठ दिवस झाले तरी सिद्धरामचा लिफाफा तिथंच. श्रीदेवीनं फोन केला तर त्याच्या भावानं उचलला.

“त्यो गेला की अक्का. त्याच गुरवारी. ट्रॅक्टर उलटला कॅनॉलमंदी.”

तिला वाईट वाटलं, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की ट्रॅक्टर उलटण्याचा आणि पांढऱ्या पेशीचा काय संबंध? काही नाही. हा विचार तिला बरा वाटला, म्हणून तो तिनं दिवसभर पुन्हा पुन्हा केला.

मग लक्ष्मम्मा. गळ्याची साधी गाठ, मॅडम म्हणाल्या काळजीचं कारण नाही. आकडा दोन झाला, काळा गोल निघाला, नावाखालून ते बोट फिरलं. लक्ष्मम्मा तीन दिवसांनी ओल्या हातानं मोटारीचं बटण दाबायला गेली आणि चिकटली. मग महादेवप्पा मास्तर. जेवून लवंडले ते उठलेच नाहीत. तीन गोल आणि खणात तीन लिफाफे.

श्रीदेवी काही खुळी बाई नव्हती. बी.एस्सी. झालेली, मुडबीसारख्या गावातून, मेंढरं राखणाऱ्याच्या घरातून शिकून वर आलेली. तिनं स्वतःशीच वाद घातला: महिन्याला चारशे माणसं येतात, त्यातली काही मरणारच. जी मेली ती लक्षात राहिली, एवढंच. खरं-खोटं करायला तिनं खणातले उरलेले बावीस लिफाफे काढले आणि एकेकाला फोन लावत बसली. एकवीस जण जिवंत निघाले. कुणी पुण्याला सेंट्रिंगच्या कामाला गेलेला, कुणी हैद्राबादला, कुणी विसरलेला, आणि एक तर म्हणाला, “बरं वाटायलंय मला, आता कशाला पाह्यजे रिपोर्ट?” बाविसाव्याचा फोन बंद होता. म्हणजे लॅबचा काही दोष नव्हता, रंगाचा नव्हता, नशिबाचाही नव्हता. गेले ते फक्त गोल पडलेले तिघं.

तिनं बसवप्रभु अण्णांना सांगितलं. ते दोन दिवस अकरा ते साडेबारा तिच्या मागं स्टूल टाकून बसले. दोन्ही दिवस आकडा एकच्या वर गेला नाही.

“अक्का,” ते उठताना म्हणाले, “तुमी दुपारचं जेवान टायमावर करत चला. उपाशीपोटी मानसाला एकाचे दोन दिसत्यात.”

तिसऱ्या दिवशी ते बसले नाहीत, आणि आकडा दोन झाला. त्या दिवशी तिनं कोपऱ्यावर औषधाच्या पट्टीचा तुकडा चिकटवला. चार मिनिटं काढली, मग स्वतःच तो ओढून काढला. न दिसण्यात जास्त भीती होती.

४

मे महिन्यात तुळजा आली. तुळजा म्हणजे श्रीदेवीची धाकटी बहीण, मुडबीतच दिलेली. चोवीस वर्षांची, पदरात दोन वर्षांची पोर, नवरा पुण्यात. मानेच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ घेऊन आली होती आणि दोन महिने ती पदराखाली झाकून ठेवली होती.

“कामून सांगितलं न्हाईस?” श्रीदेवी चिडली.

“तू घाबरशील म्हणून.”

“मी घाबरते? अगं, दिवसभर असल्याच गाठी बघायलेय मी.”

आणि खरं म्हणजे म्हणूनच ती घाबरली. बहीण म्हणजे तिनं काखेत घेऊन वाढवलेली पोर. सर्जननी सुई मारून गाठीतला नमुना काचेवर घेतला आणि सांगितलं, “रिपोर्ट बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. कॅन्सर असला तर उद्याच हैद्राबादला हलवा. उशीर केला तर माझ्याकडे येऊ नका.” दोन स्लाइडी श्रीदेवीच्या हातात आल्या.

तिनं त्या रंगवल्या आणि कॅमेरा बंद ठेवून आधी स्वतः बघितल्या. पेशींचे घोळके होते. हे टीबीचंही असू शकतं आणि दुसरंही. अकरा वर्षं डोळे घासले तरी सही करायचा अधिकार तिला नव्हता, आणि त्या दिवशी तो असता तरी तिनं सही केली नसती.

म्हणून तिनं गुलबर्ग्याला जुन्या डॉक्टरांना फोन केला. स्लाइडी बसनं पाठवते म्हणाली. ते म्हणाले, “काचा कशाला पाठवता बाई? मी पण आता तुमच्यासारखाच कॉम्प्युटरवर बघतो. लिंगराजनंच बसवून दिलंय. कॉम्प्युटरवरची खिडकी उघडा, मी इथून बघतो.”

म्हणजे सगळ्या वाटा त्याच खिडकीतून जात होत्या. न दाखवावी तर गाठ खाणार. दाखवावी तर तो आणखी जो कोण आहे, तो बघणार.

रात्री तिनं आईला सगळं सांगून टाकलं. लेकीच्या लॅबमध्ये काय चालतं ते अनसाबाईला काही कळत नव्हतं, पण हे मात्र तिला लगेच कळलं. तुळजाच्या आधी तिची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. तुळजा झाली तेव्हा तिला उकिरड्यावर ठेवली, शेजारणीनं उचलली, आणि अनसाबाईनं सूपभर कोंडा देऊन आपलीच पोर विकत घेतली. पाच वर्षं तिला सगळे कोंडाबाईच म्हणायचे.

“नाव चोरायचं,” अनसाबाई म्हणाली. “नाव गावलं न्हाई की न्यायला आलेला रिकाम्या हातानं जातोय. मी केलेय ते. तू बी कर.”

श्रीदेवी बी.एस्सी. झालेली, पण तिनं नाही म्हटलं नाही.

५

सकाळी अकरा वाजता तुळजाला तिनं पुढच्या खोलीत बाकावर बसवलं. बाकावर पाच-सहा माणसं होती. अण्णांनी नंबरानुसार फॉर्मांची चळत तिच्या टेबलावर आणून ठेवली. श्रीदेवीनं दार लावलं, पडदा ओढला, तुळजाची स्लाइड मायक्रोस्कोपवर चढवली आणि नावाच्या चौकटीत लिहिलं: कोंडाबाई, वय साठ.

मॅडम आल्या. आकडा एक.

“साठ वर्षांची बाई आहे का? बरं. मानेची गाठ ना? उजवीकडे घे.”

श्रीदेवीचा एक डोळा चित्रावर होता आणि एक कोपऱ्यात. मॅडम बघत होत्या, काही बोलत नव्हत्या. मॅडम गप्प राहिल्या की वाईट असतं, हे तिला माहीत होतं. शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटत होता. कुकरची पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली.

“वर घे. थांब. हं.” मग मॅडमच्या आवाजात एकदम सैलपणा आला. “कॅन्सर नाही गं. टीबी आहे, स्पष्ट दिसतोय. सहा-सात महिने गोळ्या घ्यायच्या, गाठ जाते. सांग आजीबाईंना.”

श्रीदेवीला रडूच आलं. तिनं तोंडावर हात दाबला, कारण मॅडमना ती आजीबाई कोण आहे ते सांगायचं नव्हतं. कोपऱ्यात एकच होता. सगळा वेळ एकच होता. आईचं खरं निघालं, तिला वाटलं, आणि आपल्या शिक्षणाची थोडी लाजही वाटली.

तिसरी शिट्टी झाली. “आज एवढंच,” मॅडम म्हणाल्या, “पाहुणे यायचे आहेत. उरलेलं उद्या बघू.” हेडफोनमध्ये टक् असा आवाज झाला आणि त्या गेल्या.

श्रीदेवीनं डोळे पुसले आणि वर बघितलं. मॅडम गेल्यावर तिथं शून्य यायला पाहिजे होतं. तिथं एक होता.

६

लटकलं असेल, ती स्वतःला म्हणाली. लिंगराज म्हणाला होता. जुनं कनेक्शन लटकतं.

काळी रेघ निघायला लागली. घाई नव्हतीच तिला. टीबीच्या त्या घोळक्याच्या जरा बाजूला एक साधी, धडधाकट पेशी होती, तिच्याभोवती ती फिरत राहिली. हेडफोन अजून श्रीदेवीच्या कानावर होता. त्यात कुकर नव्हता, मॅडमचा पंखा नव्हता. दुसराच आवाज येत होता: काचेवर काच ठेवल्याचा. एक ठेवली, मग दुसरी ठेवली. कुणीतरी शांतपणे स्लाइडी चाळत होतं, पुष्कळ स्लाइडी.

गोल पुरा झाला. आता नाव निळं होईल असं तिला वाटलं. नाव निळं झालं नाही. ते मागून पुसलं जायला लागलं, एकेक अक्षर. कोंडाबाई गेली, तिची साठ वर्षंही गेली, आणि मोकळ्या चौकटीत टाइप करायची बारीक रेघ लुकलुकत राहिली.

श्रीदेवीनं मायक्रोस्कोपवरची स्लाइड हिसकून काढली. पडद्यावरचं चित्र हललं नाही. तिनं मोडेमची तार उपटली. मोडेमचे दिवे विझले. आकडा एकच राहिला. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, तर यूपीएस टीं टीं करायला लागला आणि पडदा तसाच उजळ. यूपीएसचं बटण टेबलाच्या मागं, भिंतीला लागून होतं. ती वाकली नाही. पडद्यावरची नजर काढायची तिची हिंमत झाली नाही.

तिनं एक नाव लिहिलं, मनानं रचलेलं. ते पुसलं गेलं. दुसरं लिहिलं, तेही गेलं. तिसऱ्याला तर ती पूर्ण लिहीपर्यंत त्यानं वाटही बघितली नाही.

आणि मग चित्र सरकायला लागलं.

स्लाइड तिच्या मुठीत होती, काच तळहाताला रुतत होती, आणि पडद्यावर तीच स्लाइड डावीकडं सरकत होती. मॅडम सरकवायला सांगायच्या तशीच, थोडी, मग थांबून आणखी थोडी. पेशी विरळ झाल्या. रंग संपला. कोरी काच आली, तिच्यावर धुळीचे कण मोठमोठे दिसत होते. कुठं निघालंय हे, असं तिच्या मनात आलं, आणि दुसऱ्या क्षणाला तिला कळलं.

सर्जनकडची नर्स प्रत्येक स्लाइडच्या टोकाला हिऱ्याच्या पेन्सिलनं नाव कोरते. रंग धुतला तरी ते जात नाही. कॉम्प्युटरवर तिनं नाव चोरलं होतं. काचेवरचं तसंच राहिलं होतं. अकरा वर्षांत हजारो स्लाइडींवरचं ते कोरलेलं नाव वाचून घेणारी बाई ह्या एका स्लाइडवरचं विसरली होती.

तिनं मुठीतल्या काचेवर नखानं खरडायला सुरुवात केली. कोरलेलं नखानं जातंय होय? बोट कापलं, रक्त आलं, आणि पडद्याच्या कडेनं एक ओरखडा आत शिरला, दोरखंडाएवढा जाड. पहिल्या अक्षराची कड होती ती.

त्याला नाव पाहिजे होतं. खरं नाव, जिवंत माणसाचं. ते आत्ता दिलं तर कदाचित तो पुढं वाचणार नव्हता.

स्वतःचं नाव द्यावं असं तिला वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला, सगळ्यात आधी तेच वाटलं. तिनं पहिली दोन अक्षरं लिहिलीही. ती पुसली गेली नाहीत. चित्र जागच्या जागी थांबलं, हेडफोनमधल्या काचा थांबल्या. कुणीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखी ती शांतता होती, आणि त्या शांततेत श्रीदेवीची बोटं आखडली. पुढचं अक्षर कुठं आहे ते तिला माहीत होतं. बोट तिथं जाईना. तिनं लिहिलेलं आपल्या हातानंच पुसलं.

चित्र पुन्हा सरकलं. पहिलं अक्षर पुरतं आत आलं, आणि दुसऱ्याचा पाय दिसला.

टेबलावर फॉर्मांची चळत होती. तुळजाचा फॉर्म तिनं बाजूला काढला होता, त्यामुळं आता त्याच्या खालचा वर होता. तिनं तो वाचला नाही. वाचला असं म्हणता येणार नाही, डोळ्यांनी अक्षरं उचलली आणि बोटांनी टाकली: हावगेप्पा, वडिलांचं नाव, वय एकाहत्तर, मुक्काम भालकी.

ते पुसलं गेलं नाही. डावीकडून निळं होत गेलं, सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत. हेडफोनमध्ये एक काच दुसरीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि कोपऱ्यात शून्य झालं.

७

अण्णांनी दार वाजवलं. “अक्का, झालं का? मानसं खोळंबलीत.”

तिनं बोटाला कापूस गुंडाळला आणि बाहेर आली. पुढच्या खोलीत उन्हाचा एवढा उजेड होता की तिचे डोळे दिपले. बाकावर आता दोघंच उरले होते. एक तुळजा. दुसरा एक म्हातारा, पांढरा सदरा, पांढरं धोतर, कपाळाला विभूती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची साय. दोघांच्या मधे रुमालावर भाजलेल्या शेंगा होत्या. तुळजा शेंगा सोलत होती आणि दाणे म्हाताऱ्याच्या हातावर ठेवत होती, त्याला दिसत नव्हतं म्हणून.

बहिणीला बघून ती उभी राहिली.

“टीबी हाय,” श्रीदेवी म्हणाली. “गोळ्यांनी जाते. कॅन्सर न्हाई.”

तुळजा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मग रडता रडताच वाकून तिनं म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला.

“म्हणलं नव्हतं का मी?” म्हातारा हसला. तोंडात चारच दात होते. “उगं जीव खाल्लीस सकाळधरनं.” आवाजाच्या अंदाजानं त्यानं श्रीदेवीकडं मान वळवली. “ही तुमची बहीण व्हय? बसल्या जागी थरथरायली होती बघा. माझा नंबर आधी होता. अण्णाला म्हणलं, माझं काय, डोळ्याच्या आपरेशनाला रक्त तपासायचंय, घटकाभर उशीर झाला म्हणून काय बिघडतंय? हिचं आधी घ्या. माझा कागद तिच्या खाली सरकवा.”

“आजोबांनी त्यांचा नंबर दिला मला, ताई,” तुळजा नाक पुसत म्हणाली. “मी सांगायच्या आधीच दिला.”

श्रीदेवी आत पळत गेली. मोडेमची तार जोडली, चौकट उघडली. नाव तिथं होतं, राखाडी पडलेलं. पुसायचं बटण तिनं दाबलं, पुन्हा दाबलं, दाबतच राहिली. अक्षर हललं नाही. तिनं चळतीतला पहिला हाताला लागला तो दुसरा फॉर्म ओढला, त्यावर एक नाव होतं, आणि ते लिहिण्याच्या आतच आपण काय करायला निघालोय ते कळून तिनं फॉर्म उलटा घातला.

बाहेर अण्णा म्हणत होते, “अक्का, आज्जाची शीर मला गावंना, तुमीच रक्त घ्या की, त्येंची बस हाय दीडची.”

ती आली. म्हाताऱ्याच्या दंडाला रबर बांधलं. शीर पातळ होती पण पहिल्याच टोचणीत लागली. रक्त चांगलं लालभडक होतं.

“आज्जा,” ती हळूच म्हणाली, “आज ऱ्हावा की बिदरला. माझ्या घरी ऱ्हावा. आठ दिवस ऱ्हावा.”

“कामून?” म्हातारा चकित झाला. “रक्तात काय दिसलं का?”

“न्हाई.”

“मग? नातू आलाय माझा पुण्याहून, चार दिसांसाठी. डोळं झाल्यावर बघीन म्हणलो होतो, पर आता आवाज तरी ऐकतो.” त्यानं तिच्या हातावर थोपटलं. “लई चांगल्या हायत तुमी बहिणी. तुमच्या हाताला गुण हाय, अक्का, सुई कळली बी न्हाई.”

तिनं रबर सोडलं. कापूस दाबून धरला. हात दुमडून धरायला सांगायचं असतं, ते राहून गेलं.

“रिपोर्ट कवा मिळंल?” त्यानं विचारलं.

श्रीदेवी सुई टाकायला वळली.

“परवा या की आजोबा,” तुळजाच म्हणाली. “मला बी परवाच बोलावलंय गोळ्या न्यायला. इथंच भेटू.”

“व्हय, परवा येतो,” हावगेप्पा म्हणाले, आणि काठी चाचपत बाकावरून उठले.